ताशी किती पेशंट

आधी माझ्या आवाजाबद्दल सांगते, कारण सगळा घोळ त्यानेच घातला. रुग्णालयातल्या केसपेपरच्या खिडकीतून मी ओरडले की रस्त्यापलीकडच्या बस स्टॉपवरची माणसंसुद्धा रांगेत उभी राहतात. माझं नाव शेवंती. भरती झाले सफाईला, मग वॉर्डात गेले, आणि क्लार्कची जागा सात वर्षं रिकामी राहिल्यावर कोणीतरी मला खिडकीत बसवलं. ती मी अजून तिथेच आहे. गावाचं नाव विचारू नका, माझी नोकरी अजून दोन वर्षं शिल्लक आहे. मालवणहून कट्ट्याकडे जाताना लागतं, एवढं पुरे. तुमच्यासाठी शुद्ध मराठीत सांगतेय बरं का. मध्येच राग आला तर मालवणी येईल, तेवढी सांभाळून घ्या.

आमच्या ओपीडीत दोन डॉक्टर. एक डॉक्टर गुरुप्रसाद. अठरा वर्षं इथेच आहेत, देवमाणूस, सगळ्यांच्या घरचे झालेत. गणपतीत माझ्याकडे जेवायला येतात आणि खतखतं तीनदा मागून घेतात. दुसरी डॉक्टर प्राजक्ता, कंत्राटावर, दीड वर्षापूर्वी आली. त्या पोरीने आल्या आल्या दाराचा अर्धा पडदा काढून जमिनीपर्यंतचा लावला, आणि आत एका वेळी एकच बाई, असा नियम केला. सासूसुद्धा बाहेर. झालं! ज्या बायका पाच-पाच वर्षं 'कंबर दुखता' म्हणून मलम घेऊन जायच्या, त्या हळूहळू खरं काय ते बोलायला लागल्या. देवबागच्या बायका दोन बस बदलून यायला लागल्या. बाहेर येताना त्यांचे डोळे लाल आणि चेहरा मोकळा असायचा. हे मी खिडकीतून रोज बघायचे.

आणि जानेवारीत पत्र आलं. कुठल्या ओपीडीची क्षमता किती, हे मोजायला माणूस येणार. जिथे एका डॉक्टरने भागतं असं दिसेल तिथली कंत्राटी जागा दुसरीकडे हलवणार. तीन दिवसांचं मोजमाप. डॉक्टर गुरुप्रसादांनी मला पत्र वाचून दाखवलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

"म्हणजे प्राजक्ताबाय जातली?" मी विचारलं.

"तीन दिवसांत ठरेल," ते म्हणाले.

म्हटलं, कसंही करून त्या माणसासमोर आपली ओपीडी चकाचक दिसली पाहिजे. म्हणून शनिवारी खिडकीतून मान बाहेर काढून मी जाहीर केलं, "सोमवारपासून तीन दीस मुंबयचो सायब येतलो! माका हय गर्दी नको, गडबड नको! वायच खोकलो इलो म्हणान उठान कोणी येव नकात! डॉक्टरीणबायच्या इज्जतीचो प्रश्न आसा!"

एवढंच बोलले मी. यात काय चुकलं ते तेव्हा मला कळलं नाही.

सोमवारी सकाळी साहेब आला. नाव सर्वेश. कणकवलीला गाडीतून उतरून रिक्षाने आलेला, सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगा, हातात टॅब, आणि केस असे बसवलेले की फुंकर मारली तर मोडतील. मी मनात ठरवलेला साहेब पोट सुटलेला, मिशीवाला होता. याला बघून मला आधी पेज वाढावीशी वाटली. त्याने एक स्टूल मागितलं आणि प्राजक्ताबायच्या पडद्याच्या अगदी बाजूला टाकून बसला.

"सायब, तुमी मोजतलास कसा?" मी विचारलं.

"सोपं आहे मावशी. पेशंट आत गेला की बटण दाबायचं, बाहेर आला की परत दाबायचं. सरासरी वेळ निघतो. त्यावरून कळतं, एक डॉक्टर तासाला किती पेशंट बघू शकतो. ती त्याची क्षमता."

"नि पेशंट काय बोललो, ता खंय लिवतास?"

"ते यात येत नाही."

येत नाही तर नाही. मी खिडकीत बसले. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. कट्ट्याहून येणारी बस आली, थांबली, आणि तिच्यातून एक म्हातारा उतरला तो पण रस्ता ओलांडून किराणा दुकानात गेला. अकरापर्यंत दोन्ही डॉक्टरांचे मिळून पेशंट झाले नऊ. त्यातला एक पोस्टमन, तो पत्रं द्यायला आला होता, मीच त्याला धरून बीपी बघायला बसवला. एरवी या वेळेला आमच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते! सर्वेश जांभया देत होता. मी पाणी द्यायच्या निमित्ताने वाकून बघितलं, तर त्याने टॅबवर लिहिलं होतं, 'मागणी कमी'.

दुपारी ड्युटी सुटल्यावर तडक कट्ट्याच्या बाजारात गेले. तिथे यशोदा भेटली, आमच्या वाडीची, महिन्यातून दोनदा ओपीडीत येणारी. टोपलीतली वांगी दाबून बघत होती. मी तिला दंडाला धरून बाजूला ओढली.

"अगो, आज सगळी खंय मेलास?"

"अशी काय बोलतंस?" ती म्हणाली. "गर्दी नको म्हणान तूच ओरडलंस मा? मगे वाडीवाडीत आमी निरोप धाडलो. सायबासमोर डॉक्टरीणबायच्या दारात जत्रा नको. तीन दीस कोणी आजारी पडूचा नाय. माझ्या नातवाक ताप आसा, तेका पण काढो देवन झोपयलंय."

मी कपाळावर हात मारला. त्या बिचाऱ्यांनी बायचा मान राखला होता! घरी पाहुणे आले की आम्ही पोरांना मागल्या दारी पाठवतो, तशी सगळ्यांनी आपली दुखणी मागल्या दारी पाठवली होती.

"यशोदे, पेशंटच इले नाय तर सायब म्हणतलो, हय डॉक्टरीण कित्याक होई? बायक घालवतले ते!"

यशोदाच्या हातातलं वांगं खाली पडलं. "मगे ह्या शनवारीच सांगूचा मा!" ती म्हणाली, आणि उलट मलाच दोन शब्द ऐकवून गेली.

संध्याकाळपर्यंत नवा निरोप फिरला. बायचं पद वाचवायचं असेल तर मंगळवारी सगळ्या बायकांनी ओपीडीत हजर. कोण आजारी, कोण नाही, हे निरोपात नव्हतं.

मंगळवारी मी आठ वाजता आले आणि गेटातच थांबले. व्हरांडा भरला होता, पायऱ्या भरल्या होत्या, आंब्याखाली बायका बसल्या होत्या. नव्या साड्या, डोक्यात अबोली. बारशाला आल्यासारख्या. एक पण कण्हत नव्हती. दोघी-तिघींनी तर घरून लाडू आणले होते, ते एकमेकींना वाटत होत्या. मी पेपर काढून काढून हैराण. तक्रारीच्या जागी काय लिहू विचारलं की प्रत्येकीचं एकच, "काय नाय गो, बरा आसा. तू लिव कायव."

आणि या शहाण्यांनी आपसांत ठरवलं होतं, की बायचा वेळ खायचा नाही. आत जायचं, बसायचं, "काय नाय बाय, बरा आसा, तुमी बऱ्या आसास मा?" म्हणायचं आणि बाहेर यायचं. पडदा नुसता हलत होता. सर्वेशचा अंगठा बटणावरून निघत नव्हता. एकदा प्राजक्ताबाय बाहेर आल्या आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "शेवंतीमावशी, आज अख्खा तालुका निरोगी कसा?"

मी मान खाली घालून शिक्का मारत राहिले.

एकला ओपीडी बंद झाली. बायच्या खोलीत एकशे त्रेचाळीस पेशंट झाले होते. मला वाटलं, मैदान मारलं. चांगला दोन कप दुधाचा चहा करून मी सर्वेशसमोर ठेवला. पोरगा खूश होता.

"मावशी, कमाल आहे! सरासरी पंचावन्न सेकंद! डॉक्टर प्राजक्तांची क्षमता ताशी पासष्ट पेशंट आहे. एवढी मी कुठेच बघितली नाही."

"मगे? आमची बायच तशी आसा," मी पदर खोचत म्हटलं.

"म्हणजे एकच डॉक्टर ही ओपीडी आरामात चालवेल," तो बिस्कीट बुडवत म्हणाला. "उलट अर्धा दिवस दुसऱ्या गावालाही जाता येईल. दुसऱ्या जागेची गरजच दिसत नाही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! पेशंट नाहीत तर डॉक्टर नको, आणि पेशंट भरपूर तरी डॉक्टर नको! हे कसलं मेलं मोजमाप? पण बोलणार काय, दोन्ही दिवसांचा घोळ माझाच. मी त्याच्या पुढ्यातलं बिस्कीट मात्र उचलून घेतलं.

बुधवारी शेवटचा दिवस. कोणाला काही सांगितलं नाही, निरोप पाठवला नाही. नेहमीसारखे पेशंट आले. यशोदाचा नातू, एक भाजलेला हात, शुगरच्या गोळ्यांवाले, एक पाच महिन्यांची गरोदर बाई. बायला एकेकाला चार-पाच मिनिटं लागत होती. बारा वाजता मी सर्वेशला विचारलं, आता आकडा काय म्हणतो.

"तीन दिवस मिळून दीड मिनिट. कालचे पेशंट इतके जास्त आहेत ना, आज काही फारसा फरक पडणार नाही."

माझं गणित सातवीपर्यंतचं. पण सरासरी ओढायची तर कोणीतरी आत जाऊन तासभर ठिय्या मारला पाहिजे, एवढं मला कळलं. आणि आता कोणाला सांगायला जाऊ? ज्याला सांगते तो भलतंच करतो. मी शेवटच्या पेशंटला पाठवलं, खिडकीला कडी घातली आणि स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला. नोकरीला लागल्यापासून पहिला.

आत जाऊन बायसमोर बसले आणि हळूच म्हटलं, "बाय, तुमी तुमचा काम करा. मी एक वाजेपर्यंत हय गप बसतंय. येळ वाढाक होयो."

तिने पेन खाली ठेवलं. "म्हणजे कालचंही तुमचंच?"

मी केसपेपर तिच्यापुढे सरकवला.

"मावशी, खोटं मोजून मला इथे राहायचं नाही. पेपर काढलाय तर तक्रार सांगा. नसेल तर उठा."

"तक्रार काय नाय. बरा आसा."

"मग उठा."

मला उठायचं होतं. देवाशपथ सांगते, मी टेबलाला हात पण लावला उठायला. पण पडदा पूर्ण ओढलेला, खोलीत आम्ही दोघीच, आणि ही पोरगी उद्यापासून असेल नसेल. मी उठले नाही.

"अंग भायर येता माझा," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका बारीक निघाला. मग एकदा निघालं ते थांबेचना. काजूची गोण उचलताना खाली काहीतरी सरकलं, तेव्हापासूनचं. चालले की बाहेर येतं, रात्री झोपून आत ढकलायचं, दिवसा फडका बांधायचा. शेतात उतरत नाही, कंबर दुखते सांगते. लग्नाबिग्नात लांब बसते, वास येईल म्हणून. बारा वाजले की खुर्चीत आग आग होते, म्हणून लोकांवर डाफरते, आणि लोकांना वाटतं शेवंतीचा स्वभावच तसा. घोवाला सांगितलं नाही. बहिणीला नाही.

"किती दिवस झाले?" बायने विचारलं.

"नऊ वर्सां."

"नऊ वर्षं! गुरुप्रसाद सर होते ना इथे?"

"तेंका काय सांगू बाय? ते माझ्याकडे जेवतत."

तिला हसू आलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी पण आलं. "आणि मी? दीड वर्ष रोज तुमच्या खिडकीवरून जाते."

"मीच पेपर काढणारी," मी म्हटलं. "माझो पेपर कोण काढतलो?"

मग मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, पडद्याबाहेर आवाज जातोय याची पर्वा न करता. तिने मला रडू दिलं, पाणी दिलं, नीट तपासलं. म्हणाली, गर्भाशय खाली सरकलंय, यात लाजण्यासारखं काही नाही, बाळंतपणं आणि ओझी यांनी हे होतं, कितीतरी बायकांना होतं. आता आत एक रिंग बसवू, अंग वर धरून राहील, ऑपरेशनचं पुढे बघू. रिंग बसवून झाल्यावर मी खोलीतल्या खोलीत चार पावलं चालून बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी नुसती चालत होते, काही सांभाळत नव्हते.

बाहेर आले तर सर्वेश स्टुलावर ताठ बसलेला.

"एक्केचाळीस मिनिटं," तो म्हणाला. "मावशी, मी लहान आहे, पण बिनडोक नाही. काल त्या बायका कोणी बोलावल्या ते मला कळलंय. आणि आज सरासरी वाढवायला तुम्ही स्वतः आत जाऊन बसलात. मी हे दोन्ही गाळणार आहे."

एरवी मी त्याला उभा आडवा घेतला असता. पण माझ्या अंगात राग शिल्लकच नव्हता.

"कालचा गाळ," मी म्हटलं. "ह्या गाळू नको. बसाक गेलंय ती खोटी, पण आत पेशंटच होतंय."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. रडून सुजलेलं तोंड होतं, ते काय लपतंय. त्याने मान हलवली आणि टॅब पुढे ओढला. "बरं. लांबलेल्या पेशंटसाठी एक जास्तीचा प्रश्न असतो. आत जाण्याआधी किती वेळ थांबावं लागलं? दोन मिनिटं टाकू?"

"नऊ वर्सां टाक."

तो हसला. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू हळूहळू गेलं. "मावशी, यात फक्त मिनिटंच भरता येतात."

"मगे मिनटां कर. शिकलेलो आसस मा तू?"

आणि काय सांगू, त्या पोराने खरंच गुणाकार केला. सत्तेचाळीस लाख तीस हजार चारशे. भरलं, तर यंत्राने लाल अक्षरांत संख्या मान्य नाही म्हणून सांगितलं. त्याने परत भरलं, परत तेच. तेव्हा त्याने टॅब मांडीवर पालथा ठेवला.

मग मीच त्याच्या शेजारी बाकावर टेकले. मला पण तेव्हाच काहीतरी कळत होतं, ते मी बोलत बोलत कळून घेतलं.

"काल एकशे तेचाळीस बायलमाणसां 'काय नाय, बरा आसा' म्हणान गेली," मी म्हटलं. "मी तेंका नाटक करूक बोलयलेलंय, ता खरा. पण सगळ्यांचाच काय नाटक नव्हता रे. मी पण नऊ वर्सां ताच म्हणत होतंय. 'काय नाय' म्हणाक पंचावन सेकंद लागतत, बाबा. काय ता सांगूक एक्केचाळीस मिनटां लागतत. आता बायची क्षमता खंयची धरूची, ता तू बघ."

तो पडद्याकडे बघून म्हणाला, "मी आणखी एक आठवडा थांबायची परवानगी मागतो."

"माग. पण आधी ह्यो स्टूल हयसून उचल," मी म्हटलं, आणि तेव्हा मात्र माझा आवाज परत जाग्यावर आला. "बायकांच्या दाराक कान लावन पुरुष माणूस बसलो, तर कोण मेली आत जावन बोलतली? गेटापाशी बस नि थयसून मोज!"

त्याने निमूट स्टूल उचललं.

परवानगी मिळाली. तो आठवडाभर आमच्याच गावात राहिला, गेटापाशी बसून मोजत होता, आणि दुपारी माझ्याकडे पेज जेवत होता. बाय जाणार की राहणार, ते त्याच आठवड्यावर ठरणार होतं. मी कोणाला एक निरोप पाठवला नाही. फक्त खिडकीत येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं, मी पेपर काढला, मी आत गेले, मला असं असं होतं. पहिलीला सांगताना जीभ जड झाली, दहावीला सांगताना नाही. त्या आधी माझ्याकडे बघत, मग मागे वळून रांगेत कोण आहे ते बघत, आणि पेपर घेऊन गुपचूप आत जात. एकेक जण आत गेली की पडदा लवकर हलायचाच नाही. रांग गेटाबाहेर गेली आणि लोक मला शिव्या घालायला लागले.

शेवटच्या दिवशी सर्वेश टॅब घेऊन खिडकीशी आला. डॉक्टर प्राजक्तांची क्षमता ताशी पासष्टवरून पाचवर आली होती, आणि वर पाठवायच्या अहवालात त्याने लिहिलं होतं, की या ओपीडीला दोन डॉक्टरही कमीच पडतात, दुसरा काढायचा प्रश्न येत नाही. ताशी पाच! मी तो आकडा बघितला आणि खिडकीतच ढसाढसा रडायला लागले. त्याला वाटलं मला वाईट वाटलं, आणि तो बिचारा घाईघाईने मला समजावायला लागला, की मावशी, पाच म्हणजे चांगलं, पाच म्हणजे खूप चांगलं.